डिलक्स खोलीची सही

बाळ जन्मलं सोमवारी पहाटे चार वाजून दहा मिनिटांनी. डिलक्स खोली घेतली गेली त्याच दिवशी सकाळी दहाला. बुधवारी बिल मात्र असं आलं, जणू पोरगी त्या खोलीतल्या सोफ्यावरच जन्माला आली होती.

खोली घेतली बुद्धभूषणनं. बुद्धभूषण म्हणजे गौतमीचा थोरला दीर. हिंजवडीच्या एका आयटी कंपनीत तो कामाला होता, आणि ही गोष्ट तो इतक्या वेळा इतक्या जणांना सांगायचा की भावकीत त्याचं नावच ‘आयटीतले दादा’ पडलं होतं. आता आयटीत तो करायचा काय, तर कंपनीच्या कॅबवाल्यांच्या ट्रिपशीटवर सह्या. दिवसाला दोनशे सह्या. ड्रायव्हरनं कागद पुढं धरायचा, यानं फोनवर बोलता बोलता सही ठोकायची. काम काही वाईट नाही, कुणीतरी करायलाच हवं. पण त्यानं माणसाची कागद वाचायची सवय पार मोडते.

गौतमीचं नेमकं उलटं. ती पिरंगुटच्या एका कारखान्यात स्टोअरला होती. आलेला माल सोबतच्या चलनाशी ताडायचा, नग मोजायचे, दर बघायचा आणि मगच सही करायची. एकदा बोल्टच्या पोत्यात चार नग कमी भरले म्हणून तिनं ट्रकवाल्याला दोन तास गेटवर बसवलं होतं. ट्रकवाला म्हणाला, "ताई, चार बोल्टानं काय होतंय?" ती म्हणाली, "मंग आणून दे की चार." शेवटी आणून दिले बिचाऱ्यानं.

पण ती होती ठेकेदाराच्या हजेरीवर. ठेकेदार दर अकरा महिन्यांनी कागदावर तिची नोकरी मोडायचा आणि चार दिवसांनी पुन्हा जोडायचा, त्यामुळं पगारी बाळंतरजा मागायची म्हटलं की तो नोकरी मोडल्याच्या तारखा दाखवायचा. "सुट्टी घे गं पाहिजे तेवढी," तो म्हणाला होता, "पगार तेवढा मागू नको." मोठा दिलदार माणूस!

म्हणून गौतमीनं दोन वर्षं आधीपासून साठवायला सुरुवात केली होती. दिवाळीची साडी नाही, नवा फोन नाही, कारखान्याच्या कॅन्टीनमध्ये वडापावसुद्धा नाही. करून करून नव्वद हजार जमले. हॉस्पिटलचं जनरल वॉर्डाचं पॅकेज तीस हजारांचं, ते तिनं सातव्या महिन्यातच लेखी घेऊन ठेवलं होतं. उरले साठ. तिच्या पगारातले दिवसाला चारशे रुपये घरात लागायचेच, कारण नवऱ्याचा पगार खोलीचं भाडं आणि गाडीचा हप्ता खाऊन टाकायचा. साठ हजाराला चारशेनं भागा. दीडशे दिवस. पाच महिने ती पोरीला घेऊन घरात बसणार होती, तिला अंगावर पाजणार होती, आणि कुणाला मान वर करून बोलू देणार नव्हती. हजार रुपये गेले की अडीच दिवस गेले, असा तिचा सरळ हिशोब होता.

सोमवारी सकाळी तिचा नुकता डोळा लागला होता, तेवढ्यात वॉर्डातले दोन मामा व्हीलचेअर घेऊन आले आणि तिला वर घेऊन गेले. वर एसी, सोफा, भिंतीएवढा टीव्ही आणि खिडकीतून समोरच्या टॉवरचं बांधकाम.

"हे कुणी सांगितलं?" तिनं नवऱ्याला विचारलं.

रत्नदीप पिरंगुटलाच एका प्लॅस्टिकच्या कंपनीत मशीनवर होता. साधा माणूस, पण थोरल्या भावापुढं उभा राहिला की त्याची जीभ टाळ्याला चिकटायची. "दादानं," तो म्हणाला.

"आन् पैसं?"

"बघू म्हणाला."

‘बघू’ म्हणाला. कोण बघणार, ते नाही म्हणाला.

कारण असं की, बुद्धभूषणच्या कंपनीतले दिग्विजय सर बाळ बघायला येणार होते. सर जनरल वॉर्डात येणार, शेजारच्या खाटेवर कुणाची तरी आई भाकरी मोडत बसलेली असणार, आणि आयटीतल्या दादाची पुतणी तिथं? छे छे! दादानं खाली जाऊन फर्मान सोडलं, पुढं आलेल्या कागदावर सही ठोकली, आणि डिलक्सच्या सोफ्यावर बसून स्टेटसला फोटो टाकला. दिग्विजय सर काही आले नाहीत. त्यांनी फोटोखाली अंगठा पाठवला.

सर नाही आले, पण बाकी सगळे आले. तीन दिवस त्या सोफ्याला उसंत नव्हती. पाहुणे बाळाकडं एकदा बघायचे आणि एसीकडं तीनदा. बुद्धभूषण प्रत्येकाला रिमोट दाखवायचा, पलंग बटणानं वर-खाली करून दाखवायचा. त्या पलंगावर टाके पडलेली बाई आहे, हे त्याच्या ध्यानात राहत नव्हतं.

गौतमीची आई गोजराबाई घोटावड्याहून लेकीपाशी राहायला आली होती. बाई फटकळ, पण हे लेकीचं सासर पडलं. लेकीच्या दिराला तोंडावर बोलायची सोय नाही. म्हणून तिनं आपली वाट काढली होती. जे काही बोलायचं ते ती बाळाला सांगायची.

"बग गं बाय," ती नातीला मांडीवर घेऊन म्हणायची, "तुज्या आईला झोप न्हाई, पर तुज्या काकाचा पलंग कसा वर-खाली व्हतोय बग. झुला हाय झुला."

बुद्धभूषण हसायचा. त्याला वाटायचं, आजी कौतुक करतीये.

बुधवारी दुपारी रत्नदीप बिल घेऊन वर आला. चेहरा असा, की कुणी कानफटात मारलीये. त्यानं कागद बायकोच्या हातात दिला आणि आपण खिडकीतून बांधकाम बघत उभा राहिला.

शहाऐंशी हजार पाचशे.

गौतमीनं कागद मांडीवर पसरला आणि नखानं एकेक ओळ दाबत खाली आली. प्रसूती शुल्क, डिलक्स: अठ्ठेचाळीस हजार. एकशेवीस दिवस. खोली, तीन दिवस: अठरा हजार. पंचेचाळीस दिवस. मोठ्या डॉक्टरांच्या भेटी नऊ, दर भेटीला बाराशे. बाळाच्या डॉक्टरांच्या तीन, पंधराशेनं. हातमोजे, कापूस वगैरे बत्तीसशे. आहार सल्ला हजार: एक मुलगी येऊन ‘पालेभाज्या खा’ सांगून गेली होती, ती. नवजात स्वागत किट हजार: एक टोपी, एक पावडर आणि हॉस्पिटलचं नाव छापलेलं झबलं.

नव्वदातून साडेशहाऐंशी गेले. उरले साडेतीन हजार. धड नऊ दिवससुद्धा नाहीत. म्हणजे टाके सुकायच्या आत हिनं पुन्हा गेटवर उभं राहून बोल्ट मोजायचे, आणि पोरीनं घरी बाटली तोंडात धरायची.

तिला रडू आलं. चांगलं घळाघळा आलं. तिनं ते पदरानं पुसलं आणि विचारलं, "डिलिव्हरीचं अठ्ठेचाळीस कसं? टेबल तेच, डॉक्टर आशालता म्याडम त्याच, कळा माज्या. पॅकेजात तर समदं मिळून तीस हुतं."

"खोली वरची घेतली की समद्याचा दर वरचा लागतो म्हणं," रत्नदीप खिडकीलाच म्हणाला. "पहिल्यापासनं."

"पर पोरगी झाली तवा मी खाली हुते ना! खोली मागनं घेतली. माल जनरलच्या दरानं आत आला, आन् बिल डिलक्सचं? आमच्यात असं कुणी केलं तर त्याचा ट्रक माघारी जातो."

तेवढ्यात बुद्धभूषण पेढ्यांचा पुडा घेऊन आत आला. त्यानं बिल बघितलं. क्षणभर त्याच्याही तोंडातला पेढा थांबला, पण माणूस खानदानी रुबाबाचा. त्यानं पेढा गिळला.

"ठीक आहे ना," तो म्हणाला. "क्वालिटीला पैसे पडतातच. आणि गौतमीनं साठवलेत की नव्वद. वेळेला उपयोगी पडले, बघ! याला म्हणतात प्लॅनिंग."

एसी तेवढा घरघरत होता.

"बाय," गोजराबाई नातीच्या कानाशी म्हणाली, "तुजा काका लई दानशूर. दुसऱ्याच्या डब्यातनं वाढतोय."

"भावजी," गौतमी म्हणाली, "खाली जाऊन बोलू या का? दर तरी इचारू."

"ए, बार्गेनिंग वगैरे नको हं!" बुद्धभूषण दचकलाच. "ही काय मंडई आहे? लोक काय म्हणतील? माझी ओळख आहे इथं सगळ्यांशी. करायचंच तर वरच्या लेव्हलला एक फोन टाकू. तू पडून राहा."

गौतमी पडून राहिली नाही. तिनं पाय खाली सोडले, ओठ दाबून उभी राहिली आणि म्हणाली, "आये, पोरीला घे. समदेच खाली जाऊ."

खाली लॉबीत बिलाच्या काउंटरला सौरभ नावाचा पोरगेला कर्मचारी बसला होता. लातूरकडचा, वर्षभरापूर्वी इकडं आलेला. दिवसभर लोकांचे पांढरे पडलेले चेहरे बघून बघून त्याचा स्वतःचा चेहरा कोरा झाला होता.

बुद्धभूषणनं सगळ्यांना हातानं थांबवलं, ओळखीतल्या एका बड्या साहेबांना फोन लावला आणि तो स्पीकरवर टाकला, म्हणजे काउंटरपर्यंत नीट ऐकू जावं. "जय भीम, निषाद साहेब! बुद्धभूषण बोलतोय. आपलं एक पेशंट आहे इथं, जरा वरून शब्द टाकता का?" आणि त्यानं हॉस्पिटलचं नाव सांगितलं.

"तिथं?" पलीकडून निषाद साहेब ओरडले. "अहो, तिथं कशाला गेलात? माझ्या मिसेसचं तिथंच झालं होतं. सोलून काढलं राव मला! तुम्हाला काही कमी करून मिळालं तर मलाच सांगा, मी येतो जुनं बिल घेऊन!"

लॉबीतल्या सगळ्या खुर्च्या हसल्या. सौरभ नाही हसला. त्याला पगार न हसण्याचाच होता.

बुद्धभूषणनं फोन घाईघाईनं खिशात घातला. "नेटवर्क नाही," तो म्हणाला.

मग गौतमी पुढं झाली. काउंटरच्या कडेला धरून ती उभी राहिली आणि स्टोअरमध्ये दराचा घोळ झाला की ती जो पहिला प्रश्न विचारायची, तोच तिनं विचारला. "खोली बदलायची ऑर्डर कुणी दिली? कागद दाखवा. सही कुणाची हाय?"

"पेशंटच्या संमतीनंच होतं, मॅडम."

"पेशंट मीच हाय. माजी सही दाखवा."

सौरभनं फाइल उघडली. कागद चाळता चाळता तो एका कागदावर थांबला. खाली सही होती, लांबलचक, शेपटीवाली, दोन ठिपके दिलेली. ट्रिपशीटवर असते तशी.

"ही सरांची आहे," तो म्हणाला.

"व्हय, माझीच!" बुद्धभूषण छाती काढून म्हणाला. "घरचा मोठा म्हणून मीच केली."

"वाचून दाखवता का कागद?" गौतमी सौरभला म्हणाली. "मला उभं ऱ्हायला तरास हुतोय, जरा मोठ्यानं वाचा."

सौरभनं वाचलं. मराठीतच होता. "वरच्या श्रेणीची खोली नातेवाइकाच्या विनंतीवरून देण्यात येत असून, त्यामुळे वाढणारी संपूर्ण रक्कम भरण्याची जबाबदारी खाली सही करणाऱ्याची राहील."

तो थांबला. त्यानं ती ओळ मनातल्या मनात पुन्हा वाचली, आणि वर्षभरात पहिल्यांदा त्याच्या चेहऱ्यावर काहीतरी हललं. "बरोबर आहे मॅडम," तो म्हणाला. "तुमचं पॅकेज तीस हजार. वरचे छपन्न हजार पाचशे सरांच्या नावावर."

हॉस्पिटलला काय, पैशाशी मतलब. ते कुणाच्या खिशातून येतात याची त्याला काय पडलीये!

बुद्धभूषणचा रंग उतरला. आधी कानाचा उतरला, मग नाकाचा. "अरे, ते फॉर्मॅलिटी असते," तो म्हणाला. "मी नुसती सही केली. वाचलं कुणी? रत्नदीप, सांग की, आपण दोघांनी मिळून ठरवलं होतं ना?"

सगळे रत्नदीपकडं बघायला लागले. रत्नदीप चपलेकडं बघायला लागला. मग त्यानं सासूच्या हातातल्या मुटकुळ्याकडं बघितलं. लालबुंद तोंडाची, मुठी आवळलेली त्याची पोरगी झोपेत चुळबुळत होती.

"न्हाई दादा," तो म्हणाला. आवाज चिरका निघाला, पण निघाला. "तू मला इचारलंच न्हवतंस. मी पार्किंगमधनं आलो, तवर तू सही करून मोकळा."

गौतमीनं नवऱ्याकडं बघितलं. लग्नाला तीन वर्षं झाली होती, आणि हा माणूस आपल्या बाजूनं बोलला याचं तिला इतकं बरं वाटलं की टाक्यांचं दुखणं घटकाभर विसरली.

आता पुढं जे झालं ते बघण्यासारखं होतं. जो माणूस दहा मिनिटांपूर्वी म्हणत होता ‘ही काय मंडई आहे’, त्यानं बाह्या सारल्या आणि मंडईच मांडली.

"छपन्न? कशाचे छपन्न?" तो काउंटरवर वाकला. "डिलिव्हरीला डबल दर? अरे, कुठल्या जगात?"

"भावजी," गौतमी मागून म्हणाली, अगदी मऊ आवाजात, "पोरगी चारला झाली. खोली धाला घेतली."

"एक्झॅक्टली!" बुद्धभूषण गरजला. "मी तेच म्हणतोय! चार-दहाला बाळ, दहाला खोली! जी खोली घेतलीच नव्हती तिचा दर बाळाला कसा लागतो? बोलवा तुमच्या मॅनेजरला! मी आयटीत आहे, असल्या सिस्टिम रोज बघतो!"

मॅनेजर बाहेर आला, फाइल घेऊन आत गेला, आत बराच वेळ काचेमागं माना हलल्या. शेवटी प्रसूती पॅकेजात धरली गेली. राहिले अडतीस हजार पाचशे.

"नऊ भेटी?" बुद्धभूषणची गाडी आता थांबेना. "मॅडम नऊदा कुठं आल्या? चारदा तर दारातून ‘कसं काय’ म्हणून गेल्या. दारातून बघायचे बाराशे? मी पण दारातूनच बघतोय तुम्हाला, द्या मला बाराशे!" नवाच्या पाच झाल्या. "हातमोजे बत्तीसशेचे? बाळंतपण होतं की मोजे वाटप?" निम्मे झाले. पालेभाज्यावाल्या मुलीचे हजार उडाले. स्वागत किट त्यानं पिशवीतून काढून काउंटरवर आपटलं. पावडर फुटली नव्हती, टोपी घातली नव्हती. तेही माघारी गेलं.

"बाय, बग," गोजराबाई म्हणाली, "काकाला वाचता येतंय की गं! उगीच आळ घेतला आपण."

यावेळी बुद्धभूषण हसला नाही.

आकडा तीस हजार शंभरवर येऊन अडला. मॅनेजर म्हणाला, आता एकच स्कीम आहे सर, नेटवर हॉस्पिटलला पाच स्टार द्यायचे आणि कौतुकाची रील करायची. दहा टक्के सूट. लॉबीच्या कोपऱ्यात फुग्यांची कमान होती, तिच्याखाली उभं राहून समाधानी कुटुंबानं दोन शब्द बोलायचे.

"पोरीला घेऊन उभे राहा," मॅनेजर म्हणाला.

"पोरगी न्हाई," गौतमी म्हणाली. "तिनं काय बी घेतलेलं न्हाई तुमचं."

म्हणून समाधानी कुटुंब म्हणून बुद्धभूषण एकटाच कमानीखाली उभा राहिला. हात मोकळे दिसतात म्हणून त्याला स्वागत किट धरायला दिलं, तेवढ्यापुरतं. "इथं अगदी घरच्यासारखं वाटलं," तो कॅमेऱ्याला म्हणाला. पहिल्यांदा म्हणताना त्याचे दात आवळलेले होते, म्हणून परत घ्यायला लावलं. तिसऱ्या खेपेला पास झाला.

सत्तावीस हजार नव्वद.

"वरचे नव्वद तरी सोडा हो," तो सौरभला म्हणाला. अगदी कळवळून म्हणाला.

सौरभनं नव्वद सोडले. उरलेले बुद्धभूषणच्या कार्डावर हप्त्यांनी बसले. नऊ महिन्यांचे नऊ हप्ते.

मग हा गडी जरा बाजूला गेला, दोन घोट पाणी प्याला आणि त्यानं भावकीच्या ग्रुपवर आवाज रेकॉर्ड करून टाकला. "सर्वांना कळवण्यास आनंद होतो की, आपल्या घरच्या लेकीच्या आगमनानिमित्त तिच्या मोठ्या काकांकडून हॉस्पिटलचा खर्च भेट." फोन लगेच टुणटुण करायला लागला. हार, फुलं, जोडलेले हात. त्याच्या चेहऱ्यावर हळूहळू रंग परत आला.

रत्नदीपच्या तोंडाशी काहीतरी आलं. गौतमीनं त्याच्या मनगटावर हात ठेवला. "म्हणू दे," ती म्हणाली. "पैसं त्येनंच दिलेत."

तिनं स्वतःच्या फोनवरून तीस हजार भरले. पावती घेतली, ओळीनं वाचली, तारीख बघितली, बेरीज बघितली, आणि सही केली. साठ हजार उरले होते. सगळेच्या सगळे. तिनं एकदा मनात भागाकार केला, खात्रीसाठी परत केला. दीडशे. एकही दिवस कमी नाही.

आणि नेमकं तेव्हाच पोरीनं भोकाड पसरलं. भुकेचं. लॉबीभर आवाज गेला.

बुद्धभूषण गाडीची किल्ली फिरवत दारातून ओरडला, "चला चला, गौतमी! गाडीत घे तिला. इथं पार्किंगला तासाला पन्नास लागतात, दोन मिनिटांनी पुढचा तास सुरू होतोय!"

गौतमी लॉबीतल्या मोठ्या खुर्चीपाशी गेली. सावकाश, एका हातानं टेकून, आधी एक बाजू मग दुसरी, अशी बसली. आईनं पोरगी तिच्या मांडीत दिली, शाल अंगावरून ओढून दिली. पोरगी चाचपडली, एकदा चुकली, चिडली, मग लागली. रडणं एकदम थांबलं.

"गौतमी! अगं, पन्नास रुपये!"

"लागू द्यात, भावजी," गौतमी पोरीकडंच बघत म्हणाली. "आमाला काय बी घाई न्हाई."